सात रस्त्याचा पायबंद

सोलापूरच्या सात रस्ता चौकात सायकलवाल्याचा पाय पायडल मारायला फार कमी वेळ मोकळा असतो. त्याला इतर कामं खूप. समोरची सिटी बस अचानक कडेला आली की तो ब्रेक होतो, चपलेचा तळ डांबरावर घासत सायकल थांबवतो. वळायचं असेल तर इंडिकेटर होतो. हात दाखवून वळायची पद्धत पुस्तकात आहे, पण आमचे रिक्षावाले पाय बाहेर काढून वळतात आणि सायकलवाल्यांनी ती विद्या त्यांच्याकडूनच उचलली आहे. ओळखीचं कुणी भेटलं की तोच पाय स्टँड होतो. सोलापुरात ओळखीचं कुणी न भेटता चौक ओलांडता येत नाही, त्यामुळे हे काम सर्वांत मोठं. एक पाय दुभाजकाच्या कडेवर, दुसरा पायडलवर, दोन्ही कोपरं हँडलवर, आणि 'काय बे, दिसंनास कुठं' इथून सुरू होऊन पोराच्या अ‍ॅडमिशनपर्यंत सगळं बोलून होतं. मागं कुत्रं लागलं तर दोन्ही पाय उचलून नळीवर. एवढं सगळं करून वेळ उरला तर पाय पायडल मारतो.

हा एवढा कामाचा पाय पायडलला कुलूप लावून अडकवून टाकायचा, अशी टूम आता गावात आली आहे.

पहाटे साडेपाचला सात रस्त्यावर अंगाला घट्ट, रंगीत कपड्यांतली मंडळी जमतात. डॉक्टर, वकील, बँकेतले, एखादा टॉवेलचा कारखानदार. सायकली अशा की दोन बोटांवर उचलाव्यात. किंमत विचारली की मालक आधी इकडंतिकडं बघतात आणि मग खऱ्याच्या निम्मी सांगतात, कारण घरी तीच सांगितलेली असते. थंडीत ही मंडळी तुळजापूरला जाऊन येतात. पंचेचाळीस किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, शेवटी घाट. त्यांच्यात राजकारणावरून भांडण नाही, टायरच्या हवेवरून नाही, नाश्ता कुठं करायचा यावरूनसुद्धा नाही. भांडण एकाच गोष्टीवरून आहे: पाय कशावर ठेवायचा आणि ठेवल्यावर तो तिथं कसा राहील.

आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न पडला नाही. काळी सायकल घेतली की पायडल तिच्याबरोबर यायचं. लोखंडी सांगाडा, त्यात दोन रबरी ठोकळे. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे व्हायचे तेव्हा या ठोकळ्यांवर हजारो पाय एकाच वेळी पडायचे, आणि कुणाचाही पाय सुटल्याची तक्रार गिरणीपर्यंत आली नाही. ठोकळे झिजायचे, आधी गुळगुळीत व्हायचे, मग नुसतेच गरागरा फिरायचे, मग एखाद्या पावसाळ्यात एक पडून जायचा आणि वर्षभरानं दुसरा. शेवटी उरायचा मधला बोटभर जाडीचा दांडा. तरी पायडल बदलायचं नाही. त्या दांड्यानं चपलेला मधोमध एक आडवी खाच पडायची आणि एकदा खाच पडली की पाय तिथून हलायचा नाही. ज्यासाठी आता लोक कित्येक हजार मोजतात ती सोय झिजलेल्या पायडलानं आणि झिजलेल्या चपलेनं मिळून फुकटात केली होती. अट एकच, सायकल आणि चप्पल दोन्ही आपापल्याच हव्यात. शेजाऱ्याची सायकल मागून आणली की खाच जुळायची नाही.

पायाचा कुठला भाग ठेवायचा, यातही तेव्हा एकमत होतं: मधला. तळव्याची खोलगट जागा दांड्यावर, बोटं पुढं हवेत. आता शास्त्र सांगतं की चवडा ठेवा. चवड्यावर जोर दिला की पोटरी कामाला लागते. हे आमच्याकडच्या दूधवाल्यांना कुणी सांगितलेलं नाही. दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेल्या, त्यामुळे गुडघे बाहेर फाकलेले, टाचा आत वळलेल्या, पायडलवर थेट टाचच. अशा बैठकीत ते उभी हयात काढतात. त्यांच्या गुडघ्यांकडं बघून एखाद्या बाइक फिटरला रडू येईल, पण दूध वेळेवर येतं.

आता कुलूप. बुटाच्या तळाला एक तुकडा स्क्रूनं बसवलेला असतो, त्याला क्लीट म्हणतात. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलींना तीन स्क्रूची मोठी प्लास्टिकची, डोंगरातल्या सायकलींना दोन स्क्रूची छोटी लोखंडाची. पायडलमध्ये स्प्रिंगचा जबडा. बुटाचं टोक आधी आत घालायचं, मग दाब द्यायचा. 'खट्ट' असा आवाज होतो आणि त्या आवाजात माणूस आणि सायकल एक होतात. सोडवायचं असेल तर पाय वर उचलायचा नाही, टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. ऐकायला सोपं आहे. पण जन्मापासून पाय उचलण्याची एकच रीत पायाला ठाऊक आहे आणि ती वर उचलण्याची आहे.

वेगात पडणं आणि थांबून पडणं या दोन वेगळ्या जाती आहेत. वेगात पडणाऱ्याला काही कळायच्या आत तो खाली असतो. कुलूपवाला थांबल्यावर पडतो. आमच्यातले एक दातांचे डॉक्टर तुळजापूरहून परतताना असे सात रस्त्यावर पडले. भर सकाळची नऊची वेळ. पुढं स्कूटर थांबली, डॉक्टरांनी ब्रेक लावला, सायकल थांबली, डावा पाय सवयीनं वर उचलला आणि तो आला नाही. तिथून पुढचे दीड-दोन सेकंद बघण्यासारखे होते. सायकल सावकाश डावीकडं कलायला लागली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग हिशेब, मग शरणागती. हात हँडल सोडेनात, कारण हातांना अजून कुणी कळवलंच नव्हतं. मग डॉक्टर सायकलसकट, बसल्या आसनात, कुठंही न वाकता आडवे झाले.

सोलापुरात माणूस पडला की गर्दीला निमंत्रण लागत नाही. पहिला म्हणाला, फिट आली, कांदा आणा. दुसऱ्यानं चप्पल काढून नाकाशी धरायची तयारी केली. तिसऱ्याचं निदान, शुगर कमी झाली, उपाशी सायकल चालवत्यात हे लोक. कुणीतरी ओरडलं, डॉक्टरला बोलवा. खालून आवाज आला, मीच डॉक्टर आहे. त्यावर गर्दीतला एक ओळखीचा निघाला: "दाताचे आहात की ओ!"

चौघांनी मिळून उचललं तर सायकलही बरोबर वर आली.

"पाय अडकलाय की ओ मालक."

"अडकला नाही, अडकवलाय."

"कुणी?"

"मीच."

"कशाला?"

या 'कशाला'पाशी सगळे गप्प झाले. डॉक्टरांनी एक पाय अजून जबड्यात अशा अवस्थेत समजावून सांगितलं की साध्या पायडलवर पाय फक्त खाली ढकलतो, वर येताना तो नुसता पाहुणा असतो. अडकवलेला असला की वर येतानाही ओढता येतं, म्हणजे चक्राच्या पूर्ण फेऱ्यात ताकद लागते. केळीच्या गाड्यावाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वर येताना सुट्टी होती पायाला, ती पण काढलाव?"

गंमत म्हणजे शास्त्र केळीवाल्याच्या बाजूनं आहे. 2007 साली एका अभ्यासात मुरलेल्या सायकलपटूंना वेगवेगळ्या तऱ्हेनं पायडल मारायला लावलं आणि त्यांना प्राणवायू किती लागतो ते मोजलं. मुद्दाम वर ओढत चालवलं तर जोर कागदावर जास्त नीट लागतो, पण त्यासाठी शरीर खर्च जास्त करतं. ज्याला जसं चालवायची सवय, तसंच चालवणं स्वस्त पडतं. मुरलेले गडीसुद्धा एरवी वर ओढत नाहीतच, चढावर किंवा शेवटच्या धावेत ओढले तर ओढले. डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्यांनी माझ्या दाढेकडं रोखून बघितलं आणि विषय बदलला.

या कुलपाचा जन्म बर्फातला आहे. फ्रान्समधली लूक ही कंपनी बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी बुटांना पट्ट्या जोडणारे खटके बनवायची. माणूस पडला की खटका आपोआप सुटावा आणि पाय मोडू नये, ही त्यातली अक्कल. तोच खटका त्यांनी 1984 मध्ये सायकलच्या पायडलला बसवला आणि पुढच्याच वर्षी, 1985 मध्ये, बर्नार इनो या फ्रेंच गड्यानं तो वापरून तूर द फ्रान्स जिंकली. त्याच शर्यतीत इनो पडला आणि त्याचं नाक मोडलं, हे मात्र कुलूपवाले सांगत नाहीत. पायाची हमी आहे, नाकाची नाही. मग 1990 मध्ये जपानच्या शिमानोनं डोंगरी सायकलींसाठी दोन स्क्रूची एसपीडी काढली आणि कुलूप सामान्य माणसापर्यंत आलं. बर्फाच्या देशातली वस्तू फिरत फिरत अशा गावात पोचली जिथं बर्फ फक्त रसाच्या गाड्यावर मिळतो. इथं मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, डांबर मऊ पडतं आणि दुपारी सात रस्त्यावर पाय टेकला की चप्पल जमिनीला धरून ठेवली जाते. पाय धरून ठेवायची निसर्गाची सोय आमच्याकडं आहे. फक्त ती सायकलला नाही, रस्त्याला आहे.

लूकच्या आधीही लोकांनी प्रयत्न केले होते. इटलीच्या चिनेल्लीनं सत्तरीच्या सुरुवातीला एक पायडल काढलं, त्यात पाय अडकायचा छान, पण सोडवायला वाकून हातानं खटका ओढावा लागायचा. त्याला पुढं लोकांनी जे टोपणनाव दिलं त्यात मृत्यूचा उल्लेख आहे. एका हातात शेंगांच्या चटणीची पिशवी, दुसऱ्या हातानं खटका शोधतोय आणि मागून उसाची ट्रॉली हॉर्न देतेय, असा चिनेल्लीवाला सात रस्त्यावर डोळ्यांसमोर आणून बघा.

त्याही आधीचा आणि पुष्कळ वर्षं टिकलेला उपाय म्हणजे पिंजरा. पायडलच्या पुढं लोखंडी किंवा प्लास्टिकचा वाकवलेला टोप, त्यातून चामड्याचा पट्टा. पाय आत घालायचा, हात खाली नेऊन पट्टा आवळायचा. एडी मर्क्स या नावाजलेल्या सायकलपटूनं त्याच्या सगळ्या मोठ्या शर्यती असल्या पट्ट्यांवर जिंकल्या. जपानमध्ये केरिन नावाची जी धंदेवाईक शर्यत चालते, तिथं आजही पट्टेच लागतात, कुलूप चालत नाही. आमच्याकडं पिंजऱ्याचं कौतुक कॉलेजच्या पोरांनी केलं. पिंजरा सायकलला असायचा, पट्टा आवळायचा नाही. त्यामुळे पाय धरलाही जायचा नाही आणि चटकन काढताही यायचा नाही. शिवाय बाहेरून आलेलं पोरगं सायकल मागायचं, चपलेसकट पाय आत कोंबायचं आणि पिंजरा वाकवून परत द्यायचं. एका पोराला त्याच्या मेकॅनिकनं सल्ला दिला होता की पट्टा कशाला, जुन्या ट्यूबची पट्टी कापून देतो, तीच गुंडाळ. सोलापुरात कॅरिअरवर गॅसची टाकी, पलंगाची फळी, जिवंत बकरू हे सगळं ट्यूबच्या पट्टीवरच विसंबून असतं, त्यात एका पायाचं काय! पोरगं घाबरलं आणि त्यानं पिंजराच काढून टाकला.

या सगळ्यावरचं सर्वांत वजनदार मत मी एका म्हाताऱ्या पद्मशाली विणकराकडून ऐकलं. उमेदीची वर्षं त्यांची हातमागावर गेली. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, हातानं धोटा, पायानं पावड्या. नातवानं कुलूपवाली सायकल आणली तेव्हा ते बूट हातात घेऊन त्यांनी तळ उलटा करून बघितला, बोटानं क्लीट चाचपली आणि विचारलं, "पाय पळून जातो का ह्याचा?" मागावर अनवाणी पाय एका पावडीवरून दुसरीवर दिवसभर नाचतात, एकही ठोका चुकत नाही, आणि बांधलेलं काही नसतं. नातवानं सांगितलं की मिनिटाला नव्वद फेरे मारताना पाय उडतो. आजोबा म्हणाले, मग कमी मार.

नातवाचंही खोटं नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. नव्वद-शंभरच्या फेऱ्यांत साध्या पायडलवरचा पाय खरंच उसळतो. पावसात ओल्या पायडलवरून बूट घसरला की नडगी सोलून निघते. उखडलेल्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यात पाय जागा सोडतो आणि तो परत जागेवर आणण्यात लक्ष जातं. कुलपाचा खरा फायदा ओढण्यात नाही, राहण्यात आहे. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या फेरीत दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. तेवढ्या वेळात दहाव्या तासाला पायडलवर आपला पाय आहे की नाही हेही कळेनासं होतं, तेव्हा तो आहे असं सांगणारं कुणी असलेलं बरं. तुळजापूरच्या घाटात मीही त्या बाजूचा होतो. घाट उतरून गावात शिरलं की माझं मत बदलतं.

याला उत्तर म्हणून सपाटवाले, म्हणजे साध्या पायडलवाले, मुंबईच्या पारशी पोरांचा दाखला देतात. 15 ऑक्टोबर 1923 ला सहा जण सायकलवरून जग फिरायला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघं फेरी पुरी करून 18 मार्च 1928 ला परत आले. सत्तर हजारांवर किलोमीटर. वाळवंटं, जंगलं, सगळं. लूकची कुलपाची पायडलं बाजारात यायला अजून साठ वर्षं होती. मात्र या पोरांनी वाटेत किती वेळा नडग्या सोलून घेतल्या हे सपाटवाले सांगत नाहीत, आणि इनोचं नाक लपवणारे कुलूपवालेही त्यांना ते विचारत नाहीत. असा समझोता आहे.

सपाटातही आता नवी भानगड आली आहे. रबरी ठोकळे गेले आणि रुंद अ‍ॅल्युमिनियमची पायडलं आली, त्यांवर बारीक बारीक खिळे. खिळे बुटाच्या रबरात रुततात आणि पाय जागचा हलत नाही. बूट घातलेला असेल तर. आमच्याकडं लोक त्यांवर स्लीपर घालून बसतात, आणि पायडल उलटं फिरून नडगीवर आपटलं की एका ओळीत पाच-सहा ठिपके उमटतात. उन्हाळ्यात हाफ पँटीत फिरणाऱ्या तरुणांच्या नडग्यांवरून कोण कुठल्या पंथाचा ते सात रस्त्यावर बसल्या जागी ओळखता येतं. नडगीवर ठिपके असतील तर खिळ्यांचा. डाव्या कोपरावर आणि डाव्या ढोपरावर खरवड असेल तर कुलपाचा. कुठंच काही नसेल तर त्यानं सायकल परवाच घेतली आहे.

कुलूपवाल्यांत पोटभेद आहेत. पाय अडकल्यावर तो आत किती अंश वळू शकतो यावर क्लीटचे रंग असतात. शिमानोच्या मोठ्या क्लीटमध्ये लाल म्हणजे जराही हलायचं नाही, निळी दोन अंश, पिवळी सहा. लूकमध्ये काळी म्हणजे घट्ट, करडी साडेचार, आणि लाल म्हणजे सर्वांत मोकळी, नऊ अंश. एकाच्या लालचा अर्थ दुसऱ्याच्या लालच्या बरोबर उलटा. बाहेरगावचे लोक याबद्दल कंपन्यांना नावं ठेवतात. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. लाल रंगाचा अर्थ ज्यानं त्यानं आपापला लावायचा असतो, ही शिकवण चौकात रोज मिळते. आमच्यातले एक वकील डोंगरी बनावटीची चंदेरी क्लीट वापरतात. त्या बनावटीतली काळी क्लीट फक्त आडवी टाच फिरवली तरच सुटते, चंदेरी वेड्यावाकड्या झटक्यानंही सुटते. पळवाट ठेवणं त्यांच्या पेशातच आहे. आमच्या दूधवाल्याला मात्र यातली एकही क्लीट चालणार नाही. त्याच्या गुडघ्याला लागणारी मोकळीक अजून कुठल्या रंगात निघालेली नाही.

आणि मग सायकलवरून उतरल्यावर काय? तीन स्क्रूवाला बूट घालून चालणं हा वेगळाच व्यायाम आहे. पुढं चवड्याखाली उंचवटा, मागं टाच खाली, तळ लाकडापेक्षा कडक. चहाच्या गाड्यापर्यंत वीस पावलं जाताना घोड्याला नाल ठोकल्यासारखा टकटक आवाज येतो आणि बाकड्यावरचे सगळे वळून बघतात. सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलं तर बूट बाहेर काढावे लागतात, आणि देवळाबाहेर नव्या चपला टिकत नाहीत हा सार्वत्रिक अनुभव. पण हे बूट टिकतात. आमच्यातल्या एकाचे बूट ठेवल्या जागेपासून दहा पावलांवर सापडले. ज्यानं नेले त्यानं तेवढंच चालून बघितलं आणि ठेवून दिले.

आता मेकॅनिकबद्दल. सायकलचं डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं. सगळे नटबोल्ट उजवीकडं फिरवून आवळतात, हे डावीकडं. नाही तर चालवता चालवता ते आपोआप ढिलं होत जातं. विमान उडवण्याआधी राइट बंधू ओहायोतल्या डेटनला सायकली बनवून विकत, त्यांनीही आपल्या सायकलीला डाव्या बाजूचे आटे उलटे दिले होते. हे मी वाचून सांगतोय. गल्लीतल्या मेकॅनिकला राइट बंधू ठाऊक नाहीत, आटे ठाऊक आहेत. एक दिवस त्याच्या दुकानात एक पोरगा नवी कुलूपवाली पायडलं आणि मोबाइलमधला व्हिडिओ घेऊन आला. मी बसवतो, फक्त पाना द्या म्हणाला. मेकॅनिकनं पंधराचा पाना दिला आणि तो ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर बघायला लागला. पोरगा डाव्या पायडलला भिडला. उजवं जसं सुटलं तसं हे सुटेना. त्यानं पान्यावर पाय दिला, मग उभा राहिला, मग उड्या मारल्या. प्रत्येक उडीला ते आणखी घट्ट होत होतं. मेकॅनिक परातीतले बुडबुडे बघत होता. बुडबुडा सापडला, त्यानं तिथं काडी खोचली, ट्यूब पुसली, खडबडीत केली, सोल्युशन लावलं, फुंकर घातली, ठिगळ चिकटवलं, हातोडीनं दोन ठोके दिले. मग मान वर न करता म्हणाला, "उलटं बे."

जुनं पायडल त्यानं पोराला परत दिलं नाही, टेबलाखालच्या डब्यात टाकलं. त्या डब्यात सोलापूरच्या तीन पिढ्यांची पायडलं आहेत आणि त्यातलं कुठलं ना कुठलं रोज कुणाच्या तरी सायकलला बसतं.

शेवटी प्रश्न येतो की घ्यायचं काय. घाटात कुलूप हवं, चौकात पाय मोकळा हवा, आणि सायकल एकच. यावर कंपन्यांनी तोडगा काढला आहे: एका बाजूला कुलूप, दुसऱ्या बाजूला सपाट. एकच पायडल, दोन तोंडं. वाचताक्षणी मला हे सोलापूरसाठीच बनवलंय असं वाटलं. कुणालाही नाराज न करता दोन्हीकडं पाय ठेवणाऱ्या या वस्तूला आमच्या गावात निवडणुकीला उभं केलं तर ती निवडून येईल. मी ती घेतली आणि अजून तीच आहे.

तिचा स्वभाव मात्र सांगतो. तुळजापूर रस्त्याला लागताना कुलूप हवं असतं, तेव्हा सपाट बाजू वर येते. सात रस्त्यावर सपाट हवी असते, तेव्हा कुलूप वर येतं. पायडल वजनाप्रमाणं लोंबतं, त्याला नियम आहे, असं कंपनी म्हणते. असेल. पण रंगभवनकडून येऊन विजापूर रोडला लागायचं असताना, पुढची गाडी हलली की मी खाली बघत बुटाच्या टोकानं पायडल चाचपत असतो. पलटलं, परत पलटलं, अर्धं फिरून थांबलं. मागून रिक्षा येऊन टेकते.

"काय पडलं ओ मालक?"

"पडलं नाही. बाजू बघतोय."

"कुठली बाजू?"

"वरची."

रिक्षावाला विचारात पडतो. मग इंजिन तसंच चालू ठेवून खाली उतरतो, माझ्या सायकलखाली वाकून बघतो, आणि मागच्या स्कूटरवाल्याला सांगतो की थांबा जरा, ह्यांची वरची बाजू हरवलीय. स्कूटरवालाही बघायला लागतो.